मडमचा कांदा आणि धाकूचा खार

मिठागरातल्या माणसाला बागेचं वेड लागावं, ही गोष्टच मुळात उलटी. धाकू भोइराचा बाप मिठागरात राबला, आजाही तिथंच राबला. ठाकुर्लीच्या खाली खाडीकाठी त्यांचं गाव. तिथलं पोर धड चालायला लागलं की त्याच्या डोक्यावर मिठाची पाटी चढे. धाकूच्या टाचांना आठव्या वर्षी भेगा पडल्या. भेगांत मीठ शिरलं की तो रडे आणि बाप म्हणे, "रडू नको, सवय व्हईल." ती सवय त्याला काही झाली नाही. बाविसाव्या वर्षी तो कल्याणला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात विहीर खणायला गेला. विहिरीला गोडं पाणी लागलं, आणि ते बघून हा गडी असा खूश झाला की काम संपलं तरी घरी जाईना. झाडांना पाणी घालतो म्हणाला आणि बंगल्यावरच राहिला.

पुढं साहेब बदलत गेले, धाकू तोच राहिला. बाजारातले फुलमाळी त्याची टिंगल करत. म्हणत, आगऱ्यानं मोगरा लावलाय, आता कळ्यांतून मीठ गळेल. पण मोगरा असा फुलला की तेच फुलमाळी कुंपणाशी येऊन कलमं मागू लागले. धाकूनं सगळ्यांना दिली. त्याला नाही म्हणता येत नसे, हा त्याचा मोठा दोष. कुणी काही मागितलं की त्याचं तोंड आधी "व्हईल" म्हणून मोकळं होई आणि डोकं मागाहून विचार करत बसे.

बंगल्यातली नोकरी आज आहे, उद्या नाही. धाकूची स्वतःची म्हणावी अशी एकच चीज होती, गावच्या खारातली एक पट्टी. खार म्हणजे खाडीच्या भरतीला मातीचा बांध घालून मागं राखलेली भाताची जमीन. पहिल्या पावसाचं पाणी तिच्यात आठ दिवस तुंबवून ठेवायचं, मीठ विरघळलं की ते पाणी सोडून द्यायचं, मग पेरायचं. धाकूची बायको मालन आणि दोन मुली वर्षभर त्याच पट्टीचा भात खात. पण खाडी बांध खाते, तिला त्याची सवयच आहे. म्हणून शिमग्यानंतरच्या अष्टमीला, भरती अगदी कमजोर असते तेव्हा, गाव मिळून बांध भरे. नियम कडक होता. ज्याची पट्टी त्याचा हात. बदली माणूस चालत नसे, घरच्या बाईनं चिखल वाहिला तर तो मोजत नसत, पैसा तर कुणी पुढं करायचाच नाही. एकदा चुकलेल्याला माफी मिळे. दुसऱ्यांदा चुकला, तर त्याच्या वाटणीचा बांध जो भरेल, पट्टी त्याची.

आता हा नियम धाकूला पाठ होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी त्याची कीव करताना भान ठेवील.

अठराशे चौऱ्याऐंशी साली बंगल्यात नवे साहेब आले, मॅकनील नावाचे. कसाऱ्यापर्यंतच्या पुलांची देखरेख त्यांच्याकडं. ते महिन्यातले वीस दिवस रुळांवरच असत. मागं मडम एकटी. तिला मूल नव्हतं, शेजार नव्हता. कल्याणच्या उकाड्यात ती व्हरांड्यात बसून सारखी पत्रं लिही. त्या वर्षी मार्गशीर्षात तिच्या माहेराहून एक लाकडी पेटी आली. ओल्या शेवाळात गुंडाळलेले फुलझाडाचे बारा कांदे. पिवळट, वरून साल नाही, लसणीच्या पाकळ्या सैल करून ठेवाव्या तसे. मडमनं पुस्तकातलं चित्र दाखवलं. उंच दांडा, त्याच्यावर गोल गोल पानांचे मजले, आणि वर खाली मान घातलेली जांभळट, ठिपक्यांची फुलं, ज्यांच्या पाकळ्या उलट्या वळून पागोट्यासारख्या डोक्यावर बसलेल्या. मार्टागन लिली त्याचं नाव. तिच्या आईच्या बागेत चार महिने बर्फाखाली हा कांदा झोपतो आणि ज्येष्ठात फुलतो, असं तिनं सांगितलं. सांगितलं म्हणजे तिनं इनासला सांगितलं आणि इनासनं धाकूला. इनास हा ठाण्याचा ख्रिस्ती, बंगल्याचा बबर्ची. साहेबांच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढल्यानं त्याला इंग्रजी समजे आणि सगळ्या गोष्टींत अक्कलही होती, निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं.

"मडम इचारते, हितं व्हईल काय?" इनासनं विचारलं.

धाकूनं बर्फ जन्मात पाहिला नव्हता. चार महिने बर्फाखाली झोपणारं झाड कल्याणच्या मातीत काय करील, हे त्याला कसं कळावं? कळत नाही असं म्हणायला काय हरकत होती? पण नाही.

"व्हईल, बाई," धाकू म्हणाला. "का नाय व्हनार?"

मडम हसली. बंगल्यात आल्यापासून तिला हसताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि आपण काहीतरी मोठं काम अंगावर घेतलं असं वाटून तो दिवसभर छाती काढून फिरला.

त्यानं आंब्याच्या सावलीत वाफा केला, त्यात नदीची वाळू घातली, पानांचं खत घातलं. पौष गेला, माघ गेला, जमिनीवर काही येईना. फाल्गुनातली अष्टमी आली, तसा तो गावी जाऊन बांध भरून आला. परत येऊन बघतो तर वाफा तसाच मुका. मग त्यानं आपल्या लोकांची रीत वापरली. सुरण असो की हळद, उन्हाळ्यात कंद काढून राखेत सुके ठेवतात आणि पाऊस आला की लावतात. धाकूनं बाराच्या बारा कांदे उकरले आणि टोपलीत चुलीची राख घालून तिच्यात नीट पुरून ठेवले. सुरणाला जाड साल असते. या कांद्याच्या अंगावर साल नव्हती, हे त्याच्या डोळ्यांना दिसत होतं, डोक्याला दिसलं नाही. मृगात टोपली उघडली तर आत बारा कांद्यांची मूठभर टरफलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असा धाकूला संताप आला.

मडम रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चूक माझी, माली. थंडी पाहिजे," आणि तिनं माहेरी दुसरं पत्र लिहिलं.

दुसरे बारा कांदे आले तेव्हा साहेबांनी मुंबईहून बर्फाची सोय करून दिली. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या गाडीत गार्डाच्या डब्यातून भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी यायची. धाकूनं ती डोक्यावर घेऊन स्टेशनापासून बंगल्यापर्यंत धावायचं. पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. रस्त्यातली माणसं थांबून बघायची. आंब्याखाली खड्डा केला होता, खड्ड्यात मडकं, मडक्यात मातीसकट कांदे, भोवती बर्फ, वर पेंढा. तरी चार दिवस लादी टिकत नसे. सोमवारची बुधवारी पाणी व्हायची, गुरुवारची शनिवारी, आणि मधले एक-दोन दिवस कांद्यांचे उकाड्यात जायचे. धाकूला त्या दिवसांत झोप लागेना.

"अरे, मीठ घाल," इनास म्हणाला. "साहेबाचा गोडाचा डबा मी कसा गोठवतंय? बर्फात मीठ घालून. मिठाशिवाय बर्फाला जोर नाय."

मीठ हे नाव ऐकताच धाकूनं उठून जायला हवं होतं. त्याच्या सात पिढ्या मिठात गेल्या होत्या. मीठ झाडाचं काय करतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून त्यानं काळजी घेतली. होड्यांना लावतात ती राळ आणून मडक्याला बाहेरून तीन हात दिले, आणि मग बर्फात मीठ ओतलं. बर्फाला जोर आला. एवढा आला की चौथ्या दिवशी मडकं तडकलं आणि सगळं खारं पाणी कांद्यांच्या मातीत गेलं.

धाकू घाबरला, पण हताश झाला नाही. खारी माती गोडी कशी करायची, हे आगऱ्याला नाही तर कुणाला माहीत? त्यानं कांदे एका पाटीत ठेवले, विहिरीचं पाणी भरलं, आणि खारात तुंबवतात तसं आठ दिवस तुंबवून ठेवलं. रोज पाण्याला बोट लावून चाखे आणि इनासला सांगे, "आथा मीठ कमी झायलं." मीठ कमी होत होतं हे खरं. आठव्या दिवशी पाणी अगदी गोडं झालं, आणि पाटीत हात घातला तर कांदे बोटांत लगदा होऊन आले. भाताची खाचरं पाण्यात बुडून जगतात. कांदा बुडाला की कुजतो, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. पण माणूस आपल्या कसबानंच असा आंधळा होतो की पुढ्यातलं त्याला दिसत नाही.

त्यातून त्याच साली अष्टमी गुरुवारी आली. जवळच्या दुसऱ्या खड्ड्यात शेवटचे तीन कांदे होते, मिठापासून दूर वेगळे पुरले होते म्हणून वाचलेले. त्यानं हिशेब केला, सकाळच्या गाडीचा बर्फ उतरवून दुपारपर्यंत गावी पोचू. गाडी दोन तास उशिरा आली. धाकू धावत गावी पोचला तेव्हा पाणी चढायला लागलं होतं आणि लोक फावडी धूत होते. मालन सकाळपासून चिखलाच्या पाट्या वाहत होती, तिचे हात खांद्यापर्यंत काळे. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

गावचे म्होरके विश्राम पाटील सगळ्यांसमोर बोलले. "धाकू, तुझ्या हाताचा बांध तुझ्या चुलतभावानं भरला. औंदा माफ केला. पुढल्या खेपंला नाय. मना बोल लावू नको."

"नाय पाटील, येनार मी," धाकू म्हणाला.

वाटेत मालन एवढंच म्हणाली, "त्या मडमला सांगा, आपला बांध हाय." धाकू म्हणाला, सांगतो. उरलेले तीन कांदे चैत्रात मऊ पडले. सांगायचं काही त्याच्यानं झालं नाही.

तिसरी पेटी आली तेव्हा मडमनं सांगितलं, ही शेवटची. साहेबांची नोकरी भरत आली होती, ज्येष्ठात ते कायमचे घरी जाणार होते. या वेळी साहेबांनी रोजच्या गाडीनं बर्फ मागवला. मीठ नाही, राळ नाही, राख नाही. धाकूनं मधे काही उकरून पाहिलं नाही, हात मागं बांधून राहिला म्हणा ना. आणि माघ संपता संपता एका सकाळी पेंढ्याखालून एक कोंब निघाला. बारांतला एकच, करंगळीएवढा.

धाकूनं इनासला हाक मारली, इनासनं मडमला. तिघं त्या कोंबाभोवती बसले. नंतर मडम रोज तिथंच खुर्ची टाकून बसू लागली. कोंब वाढला, त्याला पानांचा पहिला मजला आला, मग दुसरा. शिमग्याच्या सुमारास शेंड्याला दोन कळ्या दिसल्या. वर पेंढ्याचं छप्पर, बाजूला ओली गोणपाटं, बुंध्याशी बर्फ, आणि धाकू दर तासाला गोणपाटं भिजवतोय. मुलींच्या तापातही तो असा बसला नव्हता, हे मालननं त्याला ऐकवलं होतं आणि ते खोटं नव्हतं.

शिमग्यानंतर सहाव्या दिवशी विश्राम पाटील स्वतः कल्याणला आले. बाजाराचं निमित्त होतं, पण पाय बंगल्याकडं वळले. फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, "अष्टमी परवाच्या दिशी. मी आयलो ते तुला सांगायला. मागून बोलशील, कुनी बोल्लं नाय."

"येतंय पाटील," धाकू म्हणाला.

आणि तो जाणारही होता. आदल्या संध्याकाळी त्यानं इनासला सगळं शिकवून ठेवलं, गोणपाटं कधी भिजवायची, बर्फ कसा रचायचा. मग तो मडमसमोर जाऊन उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मडमनं कळीकडं बोट दाखवलं. कळी फुगली होती, तिच्यावर जांभळी झाक आली होती. "कल, माली," मडम म्हणाली. "कल या परसों."

"जी," धाकू म्हणाला.

इनास चिडला. "अरे, सांग ना तिला. नायतर मी सांगतंय."

"नको," धाकू म्हणाला. "उद्या फूल उमललं, आन मी नसलो तर?"

हे लिहून ठेवायला हवं. मडमनं त्याला अडवलं नव्हतं. तिला अष्टमी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तीन वर्षं ज्या कांद्यानं त्याला नाचवलं, त्याचं फूल आपल्याआधी इनासनं बघावं हे धाकूला सहन होईना. पहाटे बघू, दुपारी निघू, असं म्हणत तो बसला. बांध बारा महिने डोळ्यांपुढं असलेली गोष्ट, तो कुठं जातोय, असंही त्याला कुठंतरी वाटलं असावं. सकाळी कळी उमलली नाही. दहा वाजता उमलली नाही. बाराला गरम वारा सुटला आणि धाकू घागरींमागून घागरी ओतत राहिला. तीन वाजता खुर्चीवरच्या मडमच्या देखत पहिली कळी देठाशी पिवळी पडली आणि गळाली. थोड्या वेळानं दुसरी गळाली.

संध्याकाळी मालन आली. धाकटी मुलगी कडेवर, थोरली बोटाशी. ती रडत नव्हती. ठाकुर्लीपासून चालत येताना रडून झालं होतं बहुतेक.

"पट्टी तुमच्या चुलतभावाला दिली," ती म्हणाली. "त्यालाबी नको होती. पाटील बोल्लं, नियम हाय. मी दिसभर चिखल वाहिला. कुनी मोजला नाय."

धाकूनं ऐकून घेतलं. मग त्यानं मातीतल्या दोन्ही कळ्या उचलल्या आणि तसाच व्हरांड्यात गेला, पायांच्या चिखलासकट, जिथं माळ्यानं कधी पाय ठेवायचा नसतो. मागून इनास धावला. धाकूनं कळ्या मडमच्या टेबलावर ठेवल्या.

"बाई, हे हितं व्हायचं नाय," तो म्हणाला. "कधीच व्हायचं नव्हतं."

इनासनं सांगितलं. मडमनं कळ्या तळहातावर घेतल्या. मग ती हळू आवाजात जे बोलली ते इनासनं मान खाली घालून सांगितलं. "ती बोलते, तिला ठावं हाय. पयल्याच पेटीत तिच्या भावाची चिट्ठी होती. त्या मुलखात हे झार येनार नाय, उगाच मरतील, असं लिवलेलं."

"मग तीन वर्सं का?" धाकूचा आवाज चढला. या बंगल्यात तो कधी चढला नव्हता.

"ती बोलते, तू बोल्लास व्हईल. हितं आल्यापासून बाकी सगली मानसं तिला बोलत, हे हितं नाय, ते हितं नाय. तू एकलाच बोल्लास व्हईल."

धाकूला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. त्यानं सहज फेकलेल्या एका शब्दावर ही बाई तीन वर्षं जगली, आणि तिला बरं वाटावं म्हणून तो आपलं भात घालवून बसला. मग त्याच्या तोंडून सगळं निघालं, बांध, अष्टमी, पाटील, चुलतभाऊ, मालनचे काळे हात. इनासला सांगता सांगता धाप लागली. मडम खुर्चीवरून उठली. ती म्हणाली, साहेब मामलेदाराला चिठ्ठी देतील, उद्याच्या उद्या पट्टी परत मिळेल.

धाकूनं मान हलवली. "नको. नियम सगल्यांना एक हाय. साहेबाच्या चिट्ठीनं पट्टी भेटंल, गाव नाय भेटनार."

पुढं ज्येष्ठात मॅकनील मंडळी गेली, नव्या साहेबानं बाग मोडून तिथं घोड्यांचा तबेला केला, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी धाकू टाचांना तेल लावून पुन्हा मिठागरात उतरला. उरलेली एकोणीस वर्षं त्यानं तिथंच काढली. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी तो जायला वळला, तेव्हा मडमनं इनासला आणखी एक प्रश्न विचारायला लावला.

"ती इचारते, तुला किती दिवसांची सुट्टी पायजे होती?"

धाकू पायरीवर थांबला. अंगणात मालन दोन्ही मुलींना घेऊन आंब्याखाली उभी होती.

"एक दिस," तो म्हणाला.

इनासनं तोंड उघडलं, पण त्याला ते सांगावं लागलं नाही. मडमला तेवढी मराठी येत होती.